मोहाच्या झाडावरून डावीकडे

त्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी जंगल झाडत असे. सांगितलं की लोकांना थाप वाटते, पण खात्याच्या कागदावर तसंच लिहिलेलं होतं. तंबूच्या सभोवताली आणि नाल्याकडे जाणाऱ्या वाटेवर दहा हात रुंदीचा पट्टा साफ करायचा, त्यावर चाळलेली बारीक माती पसरायची आणि झाडूनं ती एकसारखी करायची. नंतर जो कोणी त्यावरून जाईल त्याचं पाऊल त्यात उमटणार. सकाळी ते पाऊल मोजायचं, काचेवर उतरवायचं, वहीत नोंदवायचं आणि झाडून टाकायचं. सत्तरच्या दशकात वाघ मोजायची रीत ही अशी होती. वाघ दिसावा लागत नसे, त्याचा पाय दिसला की पुरे.

मी जंगलातला माणूस नव्हे. नागपूरला सदरमध्ये एका सरकारी कचेरीत मी नकाशे ट्रेस करायचो. दिवसभर तिरप्या मेजावर वाकून दुसऱ्याच्या रेघेवरून आपली रेघ ओढायची, हाच धंदा. वनखात्याला दोन महिन्यांसाठी हात स्थिर असलेला माणूस हवा होता. एप्रिल-मेमध्ये तंबूत राहायचं म्हटल्यावर आमच्या कचेरीतल्या सगळ्यांच्या कंबरा एकदम धरल्या. माझी तेवढी धरली नाही. साहेबांनी माझ्या नावापुढे खूण केली आणि बाकीच्यांनी मला चहा पाजला.

मी शूर होतो म्हणून गेलो असं कोणी समजू नये. घरी राहणं त्याहून कठीण झालं होतं. जरीपटक्याच्या बाजारापासून चालत पंधरा मिनिटांवर, आमच्या वस्तीत, माझ्या दोन खोल्या होत्या आणि पुढे मातीचं अंगण. संध्याकाळी सायकल आत घेतली की शेजारची एखादी म्हातारी हमखास विचारायची, "सुनबाईले कधी आनून राहिला गा?" मी म्हणायचो, आणतो. आत जाऊन स्टोव्ह पेटवायचो आणि दोन माणसांचा भात लावायचो, सवयीनं. उरलेला सकाळी खायचो.

आमच्या लग्नाला पाच वर्षं होत आली तेव्हा बायकोला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात ती रीतीप्रमाणे माहेरी, भिवापूरला गेली. जाताना स्टीलचा एक डबा लाडू भरून घेऊन गेली. हा डबा तिच्या मामानं लग्नात दिलेला, झाकणावर मामाचं नाव कोरलेलं. पाच वर्षं मी त्याच डब्यात कचेरीत जेवण नेत होतो. त्याच्या कडेला एक पोचा होता, तो कुठे लागला हेसुद्धा मी सांगू शकलो असतो.

हिवाळ्यात मुलगी झाली. सहाव्या दिवशी गेली. मी पोचलो तेव्हा पुरुष मंडळी अंगणात थांबली होती. मातीला जाऊन आलो, हातपाय धुतले. ती आतल्या खोलीत होती, दाराशी बायका बसलेल्या. मी उंबऱ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. आत जाऊन काय बोलायचं ते मला येत नव्हतं. संध्याकाळच्या बसनं नागपूरला आलो. दुसऱ्या दिवशी शेजारणीचा मागून आणलेला पाळणा परत केला. बायकोनं शिवून ठेवलेली झबली, कुंच्या, दुपटी वस्तीत ज्यांच्याकडे लहान मूल होतं त्यांना वाटून टाकली. परत आल्यावर तिला हे काही दिसू नये, एवढाच हेतू. मला ते माझं मोठं शहाणपण वाटलं होतं.

बाळंतपणाला गेलेली बाई आपण होऊन सासरी परत येत नाही, तिला आणायला जावं लागतं. आमच्या घरची रीत अशी की आधी माहेरचा निरोप यावा, पोरगी सुधारली, घेऊन जा. तिच्या घरची रीत नेमकी उलटी. जावयानं आपणहून यावं. घेऊन जा असा निरोप धाडला तर लेक घरात जड झाली असा त्याचा अर्थ होतो. दोन्ही घरं आपापल्या रीतीला चिकटून बसली. माझी आई थोरल्या भावाकडे नरखेड तालुक्यात संत्र्याच्या वाडीवर असायची. तिनं येऊन बजावलं, "निरोप आल्याबिगर जाशीन, तं बायकोच्या मांगं धावला म्हनतीन लोक." मी तिशी ओलांडलेला माणूस. आईचं ऐकलं असं सांगायला सोपं आहे. खरी गोष्ट अशी की मला बायकोच्या समोर जायची भीती वाटत होती, आणि ही रीत माझ्या पथ्यावर पडली. चार महिने गेले.

गंमत पाहा, पळून गेलो तेही तिच्याच दिशेनं. उमरेड मागे टाकून भिवापूरच्या वाटेला लागलं की सडकेवर एक नाका होता. तिथून आत तीन मैलांवर, नाल्याच्या काठी आमचा तंबू. आठवड्यातून एकदा मी तांदूळ-डाळ-कांदे आणायला नाक्यावर जायचो तेव्हा कपाळावर भिवापूरची पाटी लावलेली एसटी समोर उभी राहायची. एकदा कंडक्टर दांड्याला लोंबकळत म्हणाला, "येता का? जागा हाय." मी मान हलवून नाही म्हटलं. बस गेल्यावर बराच वेळ तिथेच उभा होतो. कांद्याची पिशवी हातात.

सोबतीला खात्याचा एक वनमजूर होता. पन्नाशीचा गोंड माणूस, जवळच्या गावचा. सकाळी यायचा, दिवस कलायच्या आत घरी जायचा. मला तो बाबू म्हणायचा. पहिल्या दिवशी मी ऐटीत काच, पेन, पट्टी काढून एका पंज्याची रेघ अशी उचलली की छापल्यासारखी. त्यानं ती पाहिली आणि म्हणाला, "पाय तं बराबर काढला बाबू. पन कोन कोनाच्या मांगून गेलं, ते पायलं का?" मग त्यानं मला शिकवलं. वरचं पाऊल नंतरचं, खालचं आधीचं. कडा धारदार असली तर पहाटेचं, ढासळली असली तर कालचं. मुंग्यांनी वाट काढली असेल तर त्याहून जुनं. उभं राहिलेलं जनावर टाच खोल देतं, घाबरलेलं बोटं खोल देतं. पंधरा दिवसांत मी इतका तयार झालो की मला माझाच राग येईनासा झाला, एरवी तोच जास्त येतो.

जनावरं जवळ होती, फार जवळ. तांदूळ धुतलेलं पाणी मी एका ठरावीक जागी ओतायचो. चितळाची एक मादी तिथली माती चाटायला रोज दुपारी यायची, माझ्यापासून दहा पावलांवर. मी हललो नाही तर तीही हलायची नाही. दोघं तसेच बसायचो. वानरांनी माझा साबण, रेघा आखायचा एक गुण्या आणि दाढीचा ब्रश नेला. ब्रश घेऊन एक हुप्प्या फांदीवर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. जणू दाढी करायची माझी पाळी होती. पहाटे तंबूच्या कापडाला घासून रानडुक्कर जायचं. आणि दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाघीण. तिला मी तिथल्या मुक्कामात एकदाच पाहिलं, तेही नाल्यापलीकडे, पाठमोरी. पण तिचा पाय मी अंधारात हात लावूनही ओळखला असता. पुढच्या उजव्या पंज्याचं एक बोट जरा बाहेर पडायचं. ती कधी घाईत होती, कधी भरल्या पोटी, कधी तंबूजवळ थांबून माझा वास घेऊन गेली, सगळं मला सकाळी कळायचं. इतकं कोणाबद्दल मला कधी कळलं नव्हतं.

तरी एकटं वाटायचं. साधं सरळ एकटं. दुपारी दोन वाजता सगळं रान गप्प व्हायचं, पानसुद्धा हलायचं नाही. अशा वेळी माझं मलाच वाटायचं की मी काहीतरी विसरून इथे आलोय. कुलूप, किल्ली, स्टोव्ह, सगळं मनात तपासायचो. काय विसरलो ते माहीत होतं, पण त्याचं नाव घेत नव्हतो.

अशाच एका दुपारी मी बायकोला पत्र लिहिलं. चार महिन्यांतलं पहिलं. "येथे सर्व ठीक आहे, तुझी प्रकृती ठीक असेल" एवढं लिहून झालं आणि पुढे सरकेना. मग वाघिणीबद्दल लिहिलं. पायावरून मी आता पाच वाघ ओळखतो, असं जरा फुशारकीनं लिहिलं. तरी अर्धा कागद कोरा राहिला. कोरा कागद माझ्यानं बघवत नाही. मी त्यावर नकाशा काढला. सडक, नाका, बैलगाडीची वाट, मोठं मोहाचं झाड, तिथून डावीकडे वळण, नाला, तंबू. बाण काढून उत्तर दाखवली, खाली मैलांची पट्टीसुद्धा काढली. मोहाच्या झाडाजवळ लिहिलं, "येथून डावीकडे." ये असं लिहिलं नाही, येतो असंही नाही. वीस दिवस उत्तराची वाट पाहिली. आलं नाही. मी समजलो, राग आहे.

मग बुद्धपौर्णिमा आली. पाणवठ्यावरची मोजणी त्याच दिवशी करतात. उजेड असतो, आणि उन्हाळ्यानं बाकीचं पाणी आटलेलं असल्यामुळे सगळ्या जनावरांना उरलेल्या डबक्यांवर यावंच लागतं. मचाणावर सकाळी चढायचं ते दुसऱ्या सकाळी उतरायचं. वनमजूर एका पाणवठ्यावर, मी दुसऱ्यावर, तंबूपासून दीड कोसावर. आदल्या संध्याकाळी पट्टा झाडून ठेवला होता. सकाळी त्याच्या कडेकडेनं, पाऊल न उमटू देता, मी निघालो. तंबूच्या दोरीवर टॉवेल वाळत राहू दिला. तिथे कोण नेणार.

मचाणावर दिवसभर मी मोजत होतो. चितळ, सांबर, एक गवा, नऊ रानकुत्रे, मोर. उन्हानं पाणी पांढरं दिसत होतं. तोंडातली थुंकी वाळली होती, आणि मला सारखी घरची पौर्णिमा आठवत होती. वस्तीत सगळे पांढरे कपडे घालून विहारात जमायचे आणि घरोघर खीर असायची. मागच्या वर्षी बायकोनं केलेली खीर मी एक वाटी खाऊन म्हटलं होतं, गोड जरा कमी झालं. ती माझी वाटी उचलून आत गेली. त्या उन्हात मला ती वाटी दिसत होती. या मोजणीचा कागद दिला की भिवापूरला जायचं, असं मी तिथे ठरवलं. निरोप येवो न येवो. आईला जे म्हणायचं ते म्हणू दे. दुपारच्या तीन-चारच्या सुमाराला ठरवलं हे मला पक्कं आठवतं, कारण तेव्हाच रानकुत्रे पाण्यावर आले होते आणि मी वेळ टिपली होती.

रात्री आभाळ आलं आणि चंद्राचा काही उपयोग झाला नाही.

सकाळी परत आलो तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. पट्ट्यावर पाहतो तर माणसाची पावलं. अनवाणी, बाईची. नाल्याकडून सरळ तंबूपर्यंत आली होती आणि तशीच परत गेली होती. माझं डोकं तडकलं. ते तेंदूपत्त्याचे दिवस होते. पत्ते तोडणाऱ्या बाया सगळ्या रानात फिरायच्या, आणि पट्ट्यावरून जाऊ नका असं वनमजुरानं गावात बजावून ठेवलेलं होतं. दोन माणसांच्या मेहनतीची माती करायला एक बाई पुरते, असं मी मोठ्यानं म्हणालो. ऐकायला कोणी नव्हतं.

तरी नोंद केली, कारण माझी नोंद कधी चुकत नसे. वहीत लिहिलं: "मानवी पाऊल. स्त्री, अनवाणी. कालचे, दुपारचे. तंबूसमोर बैठक, बराच वेळ. शेजारी ओझे ठेवल्याची गोल खूण. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. बहुधा तेंदू तोडणारी. परतीच्या एका पावलावर वाघिणीचा पुढचा उजवा पंजा, आज पहाटेचा." ही नोंद लिहून मला बरं वाटलं. करंगळीसुद्धा सुटली नाही म्हणून बरं वाटलं. मग काच ठेवून मी वाघिणीचा पंजा उचलला. तो बाईच्या टाचेवर पडला होता. काचेखाली दोन्ही रेघा दिसत होत्या. टाचेची रेघ मी सोडून दिली, तिचं मला काम नव्हतं. नंतर झाडू घेतला आणि पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ केला.

चहा उकळत होता तेव्हा वनमजूर आला. मागच्या झाडांत वानरांचा गलका चालला होता म्हणून तो आधी तिकडे गेला आणि हातात काहीतरी घेऊन आला. "बाबू, हा तुमचा डबा हाय का? वानरानं फोडला. तंबूच्या खुंट्याले फडकं बांधेल हाय, तिथून नेला वाटते."

स्टीलचा डबा. कडेला पोचा. त्याच्या दुसऱ्या हातात झाकण होतं आणि झाकणावर मामाचं नाव.

डबा मी एका नजरेत ओळखला. हे मला आजही खुपतं. तळाला खीर चिकटली होती, मुंग्या लागलेल्या. उन्हानं आंबली होती. मी बोट फिरवून ती चाटली, मुंग्यांसकट. आंबटपणातूनही कळलं, साखर भरपूर होती.

मग मी पट्ट्याकडे पाहिलं. इतका एकसारखा पट्टा मी त्या दोन महिन्यांत झाडला नव्हता.

वनमजुराला मी कसंबसं सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "वाघीन तिच्या पायावर होती, का ती वाघिनीच्या?" मी म्हटलं, वाघीण वर होती, पहाटेची. "मंग काही झालं नाही. बाई दुपारची गेली." हे मलाही येत होतं, मीच लिहिलं होतं. तरी मी चहा तसाच टाकून निघालो. नाल्याच्या वाळूत तिची पावलं पुढे सापडली. येताना चपला होत्या, नाल्यातच तुटल्या असाव्यात, कारण पट्टा तुटलेली एक चप्पल दगडाजवळ पडली होती. तिथून पुढची सगळी वाट ती मे महिन्याच्या दुपारी अनवाणी गेली होती. परतीच्या पावलांत बोटं खोल होती. मोहाच्या झाडाखाली ती थांबली होती, सावलीत, पुष्कळ वेळ. पुढे बैलगाडीची वाट कडक, तिथे काही उमटत नाही. मी सडकेपर्यंत धावतच गेलो. भिवापूरची बस आली. या वेळी कंडक्टरला विचारावं लागलं नाही.

घरी सासूबाई एकट्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, म्हणाल्या, "बसा जवाईबापू. ते सातऱ्यावर गेली हाय." वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायचं काम तिकडे सातरा म्हणून चालतं. मी बसलो नाही. ती सुखरूप आहे एवढं ऐकल्यावर मला खरं तर तिथेच बसकण मारावीशी वाटली होती.

सातऱ्याच्या छपराखाली बायका रांगांनी बसल्या होत्या, समोर लाल ढीग. मी पाऊल टाकलं आणि मिरचीच्या ठसक्यानं डोळ्यांतून धारा लागल्या. बायका हसल्या. एक म्हणाली, "पाय वं, तुया नवरा रडत रडत आला." ती उठली. फडक्याला हात पुसत मला बाहेर लिंबाखाली घेऊन आली. टाच टेकवत नव्हती, चवड्यांवर चालत होती. उन्हानं तळव्यांना फोड आले होते.

सात महिन्यांनी मी तिला पाहत होतो. वाळली होती. माझ्या हातातला डबा तिनं घेतला. तो मी नाल्याच्या वाळूनं घासून आणला होता.

"खाल्ली का खीर?"

"हो," मी म्हणालो.

"गोड झालती?"

"झालती."

तिनं मान हलवली. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण ती बोलत राहिली, हळू, शांतपणे. "तुमी नकाशा धाडला. मोहाच्या झाडावरून डावीकडे. मले वाटलं, बोलावून राहिले. घरचे म्हने, न्यायले आल्याबिगर जाऊ नको, इज्जत जाते. मी म्हटलं, पुनवेचं जातो. तिथं कोनीच नाही. तुमचा टॉवेल वाळून राहिला होता. दिवस कलेपर्यंत बसली मी." तिनं माझ्याकडे पाहिलं. "कधी आले मंग तुमी तंबूवर?"

"सकाळी."

"मंग माये पाय नाही दिसले? तुमी तं पायावरून वाघ ओळखता म्हने."

खिरीचं खोटं बोलून झालं होतं. दुसरं खोटं तोंडातून निघेना. "दिसले."

"मंग?"

"झाडून टाकले."

मी खाली पाहत होतो. तिच्या पायांवर मिरचीची लाल धूळ बसली होती. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. पाच वर्षं तो पाय माझ्या घरात फिरला होता, आणि मी तो तेव्हा पहिल्यांदा पाहत होतो.

"पाळनाही झाडून टाकला होता तुमी," ती म्हणाली. "झबलेही. शेजारीन भेटायले आली, तिनं सांगतलं. मी वरून हात फिरवला असता एखाद्यावर. एक तं ठेवाचं."

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, तुले दिसू नये म्हून केलं. म्हटलं, मी आता न्यायले आलो, चाल. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी समजूत घातली असती.

"काल मी माया पायानं आली होती," ती म्हणाली. "आता पुन्हा तेवढं चालनं नाही होत माह्यानं." डबा तिनं काखेला लावला. "तुमी जेवून जा. माय भाकरी टाकीन." आणि ती छपराखाली परत गेली, तशीच चवड्यांवर.

मी न जेवता परत आलो. काम पुरं केलं. खात्याच्या साहेबांनी अहवाल तपासताना ती मानवी पावलाची नोंद लाल पेन्सिलीनं काटली, मोजणीत माणूस धरत नाहीत म्हणून. पावसाळ्यात मी आणखी दोनदा भिवापूरला गेलो. दोन्ही वेळा तिनं चहा दिला, विचारपूस केली, आणि आली नाही. पुढे चार जाणत्यांनी बसून आम्हाला एकमेकांपासून मोकळं केलं. भांडण नव्हतं म्हणून कोणाला फार बोलताही आलं नाही. तिनं नंतर बालवाडीत नोकरी धरली असं कानावर आलं. आईनं माझ्यासाठी दुसऱ्या मुली पाहिल्या. मी लग्नाला उभा राहिलो नाही.

त्या उन्हाळ्याची ट्रेसिंग पेपरची गुंडाळी माझ्याकडे आहे. पाचही वाघांचे पाय आहेत, पुढचे-मागचे, डावे-उजवे. वाघिणीच्या त्या पंज्याखाली एका टाचेची जागा कोरी आहे. ती टाच आठवून काढायला मी पुष्कळदा बसलो. हात स्थिर आहे, पण रेघ येत नाही. दुसऱ्याच्या रेघेवरून काढणारा मी. खाली काही नसलं तर मला काढता येत नाही.

मी निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली. वस्तीत आता सगळ्यांच्या अंगणात फरशी आहे. पुतण्या दर दिवाळीला विचारतो, "काका, काहून नाही लावत गा फरशी? मीच लावून देतो." मी म्हणतो, बघू. लोक मला चिक्कू समजतात, समजोत. संध्याकाळी मी अंगणातले खडे वेचतो, माती भुरभुरतो आणि झाडून एकसारखी करतो. सकाळी त्यावर दूधवाल्याच्या चपला असतात, पेपरवाल्याच्या सायकलच्या चाकाची रेघ, एका मांजरीचे पाय. सगळे ओळखू येतात. मी दाराशी बसून ते शेवटपर्यंत पाहतो, एकेक, डावा पाय जरा जास्त वेळ. मगच झाडू घेतो.